प्रश्न ऐकू येत नाही

दीडपट वेगानं बोलतो तो माणूस.
मीच तसा लावलाय, नाहीतर
बॅटरी आधी संपते आणि व्याख्यान मागनं.
त्याचं इंग्रजी ह्या वेगातही पकडते मी.
कन्नड मात्र, लग्न होऊन निपाणीत आल्याला
नऊ वर्षं झाली तरी,
हळू बोला की हो, म्हणावं लागतं.

रात्री साडेदहा. भांडी पालथी घातली
की कुठल्याशा थंड हॉलमधला हा माणूस
वखारीला लागून असलेल्या आमच्या खोलीत उभा राहतो.
भिंतीतनं तंबाखू येते.
त्याला एक शिंक येत नाही, ह्याचं मला रोज नवल.

सभा सहा वर्षांपूर्वीची.
टाळ्या वाजवणारे केव्हाच घरी गेले.
मी आता पोचलेय, चहा संपल्यावर.

तो सांगतो, एका यंत्रात मावेना झालं
की तुकडे करा, तुकड्यांच्या प्रती काढा,
प्रती एकमेकींपासून लांब ठेवा.
पडद्यावर तीन डबे, मधे बाण.
मी वहीत डबे काढते,
एकात लिहिते निपाणी, एकात कागल, एकात संकेश्वर.
आमच्या पतसंस्थेच्या शाखा तेवढ्याच.
त्याच्याकडं सेकंदाला लाखभर नोंदी पडतात.
आमच्याकडं बाजारादिवशी दोनशे,
त्यातल्या चाळीस पासबुक भरून घ्यायला आलेल्या.

शेवटी प्रश्नोत्तरं.
माईक एकच, तोही त्याच्या कॉलरला.
मागच्या रांगेतनं कोणीतरी काहीतरी विचारतं,
माझ्यापर्यंत येतं नुसतं खाकरणं, खुर्चीची करकर.
मग हा मान डोलावतो: "चांगला प्रश्न."
आणि उत्तर देत सुटतो.

म्हणून मी उत्तरावरून प्रश्न काढायला लागले,
खुरांच्या ठशांवरून म्हैस शोधत जावं तसे.
वहीत एकेचाळीस झालेत.
एक मात्र महिनाभर हाती लागेना.
त्याचं उत्तर होतं,
"दोघंही खरंच बोलत असतात.
थांबवायचं कुणाला, ते तुम्ही ठरवा."
ह्यावर हॉल हसला होता.
मी तीनदा मागं नेऊन ऐकलं. हसण्यासारखं काय?

मग कोगनोळीजवळ हायवेच्या कामात
जेसीबीनं केबल तोडली.
बारा ते चार कागल तिकडं, आम्ही इकडं.
तानुबाई हुंदरेंनी आमच्या खिडकीतनं नऊ हजार नेले.
त्यांच्या लेकानं सहीची स्लिप दाखवून कागलातनं नऊ.
खात्यावर होते अकरा.

चारला तार जुळली,
आणि दोन्ही शाखा एकमेकींना
आपापलं खरं सांगू लागल्या.
त्यात आमच्याकडं बसवण्णेप्पानं नाव भरलेलं तानव्वा,
कागलात तानुबाई.
पडदा विचारत राहिला, बाई एक की दोन?

बसवण्णेप्पा टेबलाशी येऊन उभा.
"अक्का, सुळ्ळ कोण बोललं ह्यात?"
कोणीच नाही, म्हटलं मी,
आणि हसू आलं. मोठ्यानं.
त्या हॉलच्या मागनं सहा वर्षांनी, एकटीला.
मॅनेजर बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी तानुबाई आल्या.
लुगड्याच्या ओच्यातनं सात हजार काढून
काउंटरवर मोजले, दोनदा.
"पोरगं बी गेलतं, मला काय ठावं?"
जुळवणीसाठी त्या माणसानं
एक लांबलचक शब्द वापरला होता,
आकृतीसकट, अकरा मिनिटं.

रात्री वहीत लिहिलं, बेचाळीस:
तार तुटली असताना
समोर उभ्या बाईला पैसे द्यायचे की नाही?

मग तीच जागा पुन्हा लावली.
तेच खाकरणं, तीच करकर.
मागच्या रांगेत कोण होतं कुणास ठाऊक,
त्याच्याही गावात कोणीतरी
दोन खिडक्यांवर एकाच दुपारी गेलं असणार.

ह्या खेपेला वेग साधा ठेवला.