पै.चा रकाना

तरीच्या वहीत दोन रकाने छापलेले आहेत,
रु. आणि पै.
छापखाना रत्नागिरीचा, सवय जुनी.
पै.च्या खाली नऊ वर्षं मी
शून्य शून्य लिहिते आहे,
बर्फातल्या बांगड्यांचे डोळे जसे, ओळीने.

आज सकाळी भरतीच्या वेळी
जैतूनबी सोलकर खिडकीशी आली.
डोक्यावर कालवांची पाटी, कमरेला पिशवी.
तिकीट पंधरा रुपये.
तिने पिशवी फळीवर उलटी केली:
तीस नाणी. सगळी आठ आण्यांची.
मागे रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

म्हटलं, चाची, हे चालत नाही.
"कोन म्हनतो?"
आणि कोण ते मला सांगता येईना.

सरकार तर म्हणत नाही.
बँकेतल्या खोतसाहेबांनीच मागे सांगितलं,
पावली गेली, अकरा साली. आठ आणे अजून आहेत.
फक्त दहा रुपयांपर्यंत,
त्यापुढे घ्यायची सक्ती नाही.
एवढं सांगून त्यांनी माझा डबा
हळूच माझ्याकडे सरकवला.

पावली गेल्यापासून
आमच्या देवळात सव्वा रुपया कुणाला ठेवता येत नाही.
गुरव दोन घेतो.
म्हणजे प्रत्येकाचा पाऊण रुपया
देवाकडून येणे आहे.
गाव त्याच भरवशावर चाललंय.

तर दहा रुपये. वीस नाणी.
म्हणजे कायद्याने जैतूनबीला मी
खाडीच्या तीन वाट्यांतले दोन वाटे न्यायला बांधील.
तिथे एक लाल पिंप तरंगतं,
खाली आठ वाव पाणी.
तिथे म्हणायचं, उतर चाची,
पुढची दहा नाणी माझ्या मर्जीची.

खरं सांगते, माझंही मत
बंद करा, असंच होतं.
आठ आण्याला आता काडेपेटी नाही,
काड्या मोजून देईल कोणी तर देईल.
ज्याचं काही येत नाही
ते वितळवून पळ्या तरी कराव्यात.

"आनि ही आली खंयसून, ठाव हाय?"
जैतूनबी हात फळीवर ठेवून उभी.
"तिकीट साडेतीन होतं.
मी चार द्यायची. ह्याच खिडकीतनं
तो पास्ते आठ आने परत टाकायचा.
पोरीच्या मशिनीसाठी मडक्यात ठेवली.
मशीन उधारीत आली, मडकं तसंच.
तुमचीच हायेत ही, बाय.
आपलं मानूस दारात आलं तर
वळखायचं नाय?"

मी एक उचलून पाहिलं.
नाण्यावर मूठ आहे. मिटलेली.
इतक्या वर्षांत लक्षच गेलं नव्हतं.
झाकली म्हणून सव्वा लाखाची, म्हणतात.
उघडली असती तर
पन्नास पैसे.

मोजायला लागले.
फळी समुद्राकडे किंचित कललेली आहे,
दुरुस्त करा म्हणून तीन अर्ज दिलेत.
एक नाणं घरंगळलं,
धक्क्याच्या दोन फळ्यांमधून
खाली.
आवाजसुद्धा झाला नाही.
जैतूनबीने पाण्याकडे हनुवटी केली,
"त्येला चालतं बघ."
भोंगा वाजला. मी तिकीट फाडलं.

संध्याकाळी हिशेब.
तिच्या नावापुढे रु.च्या खाली चौदा लिहिले.
पै.पाशी पेन आपोआप शून्याकडे वळलं,
त्याला अडवलं.
पाच काढला. मग शून्य.
अक्षर नवशिक्याचं आलं.

सुर्वेशेठ आले, त्यांनीच महिन्यापूर्वी
खिडकीवर खडूने लिहिलंय,
आठ आणे घेतले जाणार नाहीत.
डबा पाहिला, काही बोलले नाहीत.
चष्मा कपाळावर चढवला,
बोट रकान्यातून खाली खाली आणलं,
थांबले.

"पन्नास पैसे कमी आहेत.
कुठे गेले?"

नऊ वर्षांत
पहिल्यांदा त्यांची चौकशी झाली.

म्हटलं, धक्क्याखाली आहेत, शेठ.
ओहोटी लागली की बघते.