बारा आणि तेरा

हेरफर्डशरमधलं, नदीकाठचं घर:
काळी लाकडं, पांढऱ्या भिंती, चारशे वर्षं.
खरं तर लाकूड काळं नव्हतंच.
डांबर मागाहून कुणी फासलं, तेव्हा तशी हौस होती म्हणून.
विनिफ्रेड प्रोबर्टनं ते खरवडलं
तेव्हा खालून ओक निघाला,
पिकल्या भुवईच्या रंगाचा.

वरचा मजला हातभर रस्त्यावर आलेला,
शेजारचं भांडण ऐकायला
खिडकीबाहेर कलंडलेल्या बाईसारखा.

लाकूड ओलंच कापायचे ते.
घाव सुकायच्या आत कुसू खाचेत, आरपार खुंटी,
लोखंडाचा खिळा औषधालाही नाही.
मग घर उभ्या उभ्या वाळत गेलं,
पिळवटत, रात्री कडकडत.
घर फिरलं की वासे फिरतात म्हणे.
इथे वासे आधी फिरले,
घर त्यांच्या कलानं घेत राहिलं.
आजही जमिनीवर ठेवलेलं सफरचंद
कुणी न ढकलता चुलीकडे जातं.

भिंतींत हेझलच्या काठ्यांचा कूड,
माती, शेण, घोड्याचे केस,
एका जागी लेपात पाच बोटं.
विनिफ्रेडचा हात त्यात मावला नाही.

घर आधी अंगणात आडवं जुळवायचं,
पटाशीनं आकडे कोरायचे,
मग सोडवून उभं करायचं.
फुली आणि दोन रेघा: बारा.
फुली आणि तीन रेघा: तेरा.
आणि मागच्या भिंतीत, छपराखालच्या अंधारात,
तेराच्या खाचेत बाराचा धीरा,
बाराच्या खाचेत तेराचा, टोक तासून.

उभारणीचा दिवस असणार.
सायडरचं पिंप फोडलेलं, दोरांना अख्खं गाव,
वर एक पोरगा ओरडतोय: बसलं, बसलं!
रात्री एकटाच चढला असेल
दीड बोटाच्या फटीत पाचर ठोकायला,
आणि पुढं कितीतरी दिवस
त्या भिंतीकडं पाठ करून जेवला असेल.

पाचर आता किड्यांनी खाल्लीय.
मालक स्किरमसाहेब म्हणतात,
उघडलंच आहे तर लावा दोन्ही आपापल्या जागी.
विनिफ्रेड मोजते. पट्टी पुसून पुन्हा मोजते.
बारानं तेराचा बाक घेतलाय,
स्वतःच्या खाचेत तो आता परका.

सुक्या ओकाची नवी पाचर तासली तिनं,
कुठलाच आकडा न कोरता.
तीन ठोके. चौथा जरा हलका.

खालून हाक आली: बसलं का?
तिनं लगेच उत्तर दिलं नाही.