सोडताना सांगायचं नाही

घणसोलीत, सेक्टर सातला, जेवणं उरकल्यावर
ओट्याचा कडप्पा पुसून कोरडा झाला की
ऋजुला तिची शाळेतली पट्टी काढते.
तीस सेंटीमीटर, पारदर्शक, एक कोपरा चावलेला.
मी अंगठा आणि तर्जनी उघडी ठेवतो,
ती वरून धरते, शून्य माझ्या बोटांपाशी,
आणि सोडते. सांगत नाही.
सांगायचं नसतं, हाच नियम.

पहिल्या रात्री सतरा.
तेव्हा मी नुकताच टपरीमागून वर आलो होतो,
बोटांना वास होता. तिने नाक मुरडलं नाही,
वहीत लिहिलं फक्त: सतरा, धुरासहित.
फिजिओथेरपीचं पहिलं वर्ष, जर्नल भरायचंय म्हणाली.
सतरा म्हणजे किती, विचारलं
तर सेकंदाचे तुकडे करून दाखवले,
इतके बारीक, की तेवढ्यात
आमचा प्रेस अर्धाही खाली येत नाही.

दुसऱ्या दिवशी सोडली.
पट्टी नव्हे, ती दुसरी.
तीही न सांगता.

तिसऱ्या रात्री चोवीस.
चौथ्या रात्री पट्टी सरळ फरशीवर.
आतून बायको म्हणाली, काय पडलं?
काही नाही, म्हटलं. मीच.

रबाळ्याच्या शेडमध्ये आम्ही बिजागऱ्या काढतो,
मिनिटाला चाळीस.
पत्रा सारायचा, हात काढायचा, पायडल.
सारायचा, काढायचा.
बावीस वर्षं माझा हात माझ्याआधी निघायचा.
त्या आठवड्यात मी त्याच्याकडे बघायला लागलो
आणि बघितलं की तो अडायचा,
पाहुण्यांसमोर पाढे म्हणायला लावलेल्या पोरासारखा.
दळवींना म्हटलं, मला पॅकिंगला टाका.
का, ते मात्र सांगता आलं नाही.
दोन झुरक्यांत सतरा परत आला असता,
हे मला माहीत होतं, ऋजुलाला, वहीलाही.
धुराने पदरचं काही दिलं नव्हतं कधी.
माझंच काढून घ्यायचा
आणि तासातासाने थोडं थोडं मला परत करायचा,
वर मीच त्याला पैसे मोजायचो.

मकसूदची डाव्या हाताची दोन बोटं
पहिल्या पेरापर्यंतच आहेत.
तो कधी ओढत नव्हता. चहासुद्धा नाही.
त्याचं काय लिहायचं, मी विचारलं.
ऋजुलाने पेनला टोपण लावलं.

बाविसाव्या रात्री एकोणीस.
मग वीस, सर्दी होती म्हणून.
मग अठरा, आणि पुन्हा अठरा.
सोळा आला त्या दिवशी ती ओरडली
आणि बायकोने दुधाचा गॅस बंद करायचा राहिला.

परवा जर्नलवर सही झाली.
आता पट्टी काढायला कारण नाही.
काल दोघी झोपल्यावर
मी डाव्या हातात वर धरली, उजवा खाली,
सोडली.
चार.
परत सोडली. तीन.
इतका चपळ मी विशीतही नव्हतो.
आपणच सोडलं की हाताला आधीच खबर लागते,
हे मोजणं नव्हे, ही कॉपी.

पट्टी तिच्या बॅगेत ठेवत होतो
तेवढ्यात खाली टपरीचं शटर पडलं.
मी दचकलो.
किती वेळाने, ते लिहून घ्यायला
कुणी जागं नव्हतं.