सोळा बाइटांत

गावाचं नाव सूर.
पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं,
तिसऱ्या वर्षी येत नाही.
समुद्राचं पाणी गोड करणाऱ्या कारखान्यात
मी रात्रपाळीला, पंपांच्या नोंदी ठेवणारं
एक म्हातारं यंत्र सांभाळते.
त्याची आतली डिस्क उन्हाळ्यात गेली,
नवीचा कागद मस्कतला कुणाच्या तरी टेबलावर.
तोवर सगळं चाललंय अंगठ्याएवढ्या पेनड्राइव्हवर :
आत लिनक्स, बाहेर चिकटपट्टी,
चिकटपट्टीवर माझं अक्षर, 'काढू नये'.

लिनक्सची रीत अशी,
की जागं होताना जो आधी ओ देईल तो एसडीए,
त्याच्या मागचा एसडीबी, मग एसडीसी.
कुणाचा कोण, पोटात काय, विचारत नाही.
आलात कितवे, एवढंच.
काल बी असलेला आज सी होतो,
कुणी मागच्या भोकात आणखी एक खोचली म्हणून.
कामगारांच्या खोल्यांत खाटांचंही असंच आहे,
पण ते राहू दे.

खलफेचाचांची डिस्क मीच खोचली होती.
दाभोळचे. फिटर. एकोणीस वर्षं इथं.
लेकीचा अकीका, तिची शाळा, पडलेले दात, निकाह,
सगळं फोनवर पाहिलेलं आणि फोनवरून इथं उतरवलेलं.
"बाय, एक नक्कल काढून ठेव गो,
माझा भरवसा नाय या डबीवर."
मी ती लावून ठेवली आणि विसरले.
पहाटे यंत्र बंद करून चालू केलं,
पेनड्राइव्हची राखीव प्रत बनवायला बसले,
कालच्या सवयीनं बी लिहिलं
आणि एंटर दाबलं.

त्या पहाटे बी ते होते.

साडेचार सेकंदांनी माझा हात पोचला.
साडेचार सेकंद फार नसतात.
एक घोट चहा. एक शिंक.

नंतर अकरा रात्री मी ती डिस्क खरवडली.
बरेचसे फोटो परत आले,
नावं नाही आली.
'शगुफ्ता पहिला दिवस शाळा' गेलं,
उरला एक आठ आकडी नंबर,
आणि उन्हात डोळे मिचकावणारी एक मुलगी
जिची इयत्ता आता कुणाला ठाऊक नाही.
चाचा एकेक उघडत गेले.
काही म्हणाले नाहीत.
डब्यातली अर्धी पोळी माझ्याकडे सरकवली
हे मला जास्त लागलं.

तेव्हापासून मी बी-सीच्या वाटेला जात नाही.
प्रत्येक कप्प्याचं एक जन्मनाव असतं,
बत्तीस खुणा, मध्ये चार आडव्या रेघा,
तोंडी म्हणता न येणारं,
पण कुठल्याही भोकात घाला, कितवंही घाला,
तेच राहतं.
सुरुवातीच्या फाइलीत मी तेच लिहिलंय आता,
दोनदा तपासून, बोट ठेवून, मोठ्यानं वाचून.
(हुबेहूब नक्कल काढली तर मात्र दोघांचं नाव एक,
आणि यंत्र कुणाला ओ म्हणेल, सांगता येत नाही.
हेही मी चुकूनच शिकले.)

परवा चाचांसाठी नवी डिस्क आणली.
म्हटलं, हिला माणसाचं नावही देता येतं, सांगा.
म्हणाले, शगुफ्ता लिही.
मी बोटांवर मोजलं :
जागा सोळा बाइटांची, देवनागरी चिन्ह तीन खातं,
काना वेगळा, उकार वेगळा, पाय मोडला तर तोही वेगळा.
शगुफ्ता म्हणजे सात चिन्हं. एकवीस.
"मावत नाही चाचा."
ते खिडकीकडे बघत राहिले.
खाडीत एक जुनी धाव कलली होती, ओहोटी होती.
"मग दाभोळ?"

द, काना, भ, ओकार, ळ.
पंधरा.

बसलं. एक बाइट उरला.
त्याचं काय करायचं, असं त्यांनी विचारलं,
आणि मला खरंच सुचलं नाही.