गाठ न मारता

बुधवारी हॉलमधली शेगडी पेटवायची, एवढंच माझं काम.
चर्चच्या मागचा लाकडी हॉल, फटींतून
अटलांटिकचा वारा शीळ घालायचा.
दोन वाजता बायका यायच्या, बुटांवरचा बर्फ झटकत,
काखेत जुनेराच्या पिशव्या.
मी बर्चचे ओंडके रचून निघून जायचो.

देवाशी माझं बोलणं बंद होतं.
भांडण नव्हे. ज्या ऑक्टोबरात गिडियनची होडी रिकामी परतली
तेव्हापासून आम्ही एकमेकांना वाट देत होतो,
अरुंद धक्क्यावर दोन माणसं देतात तशी, खाली बघून.

मग सरकारनं कॉडची मासेमारी बंद केली.
जाळी माळ्यावर गेली,
माझे हात टेबलावर पडून राहू लागले
कुणी विसरलेल्या मोज्यांसारखे.
"ओंडके टेकवलेस, आता स्वतःही टेक,"
ट्रायफीना म्हणाली. वय सत्त्याऐंशी;
न्यूफाउंडलंडच्या या किनाऱ्यावर तिला नाही म्हणणारा
अजून जन्मायचा होता.

आकडा म्हणजे वाकवलेला खिळा,
मूठ मोडक्या वल्ह्याची.
चौकटीवर ताणलेलं बटाट्यांचं गोणपाट,
खालच्या हातात चिंधीची पट्टी.
खुपस, पकड, ओढ:
गोणपाटातून एक इवलासा कान वर येतो.
शेजारी दुसरा.
चाळीस वर्षं जाळी विणणारा मी,
आणि माझ्या पहिल्या बदकाला पाय झाले तीन.
एफीला हसता हसता चहाचा ठसका लागला.
उसवू मात्र दिलं नाही कुणी.
"असू दे, बर्फात एक जास्तीचा बरा."

मी विचारलं, "गाठ कुठे मारायची?"
"गाठ नसते यात."
"मग सुटेल की!"
"एकटा असला तर सुटेल," ट्रायफीना म्हणाली,
"दाटीनं बसव. शेजाऱ्यानं शेजाऱ्याला धरायचं."
यावर पाळकांनी एखादं वचन सांगितलं असतं.
तिनं फक्त कात्री मागितली.

असे बुधवार गेले. कुणाचं हर्नियाचं ऑपरेशन,
कुणाची लेक अल्बर्टात, तिचे फोन येत नाहीत.
मध्येच कुणीतरी चुकीच्या पट्टीत गीत उचलायचं
आणि सगळ्याजणी चुकीच्याच पट्टीत ते पार न्यायच्या.
चहाआधी प्रार्थना. मी मान खाली घालायचो,
समोर गोणपाटावर शेकडो कान, उघडे, लोकरीचे.
वाटायचं, कुणीतरी ऐकत असेलही.

फेब्रुवारीत मी गिडियनचा लाल स्वेटर आणला.
आईनं पेटीत जपलेला, कोपरावर तिचंच रफू.
कात्री लावली, चालेना.
एफीनं न विचारता एक बाही ओढून घेतली,
दुसरी मेर्सीनं.
थोड्या वेळानं टेबलावर पट्ट्यांचा ढीग होता,
माझा भाऊ सात मांड्यांवर वाटलेला.
त्या दिवशीच्या प्रार्थनेत ट्रायफीनानं त्याचं नाव घेतलं,
चहाला हाक मारावी इतकं साधं.

एक लाल होडी झाली, करड्या पाण्यावर.
मी म्हणालो, भिंतीवर टांगू.
"भिंतीला पाय असतात का?" म्हातारी करवादली.
"प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले. त्यांची चित्रं नाही टांगली."

म्हणून ईस्टरआधीच्या गुरुवारी
ते पायपुसणं चर्चच्या दारात पडलं.
मी आडोशाला उभा राहून पाहिलं:
चिखल, खारट पाणी, पोरांचे रबरी बूट,
सगळं गाव गिडियनवरून आत गेलं.
वाईट वाटेल म्हणून मी दात आवळून उभा होतो.
हसू आलं.
जिवंतपणीही तो असाच, सगळ्यांच्या वाटेत आडवा पडलेला.

शेवटचा मी.
दोन्ही बूट नीट पुसले, टाचासुद्धा.
एकही कान सुटला नव्हता.
आत मागच्या बाकावर एफीनं सरकून जागा केली.
माझे पाय कोरडे होते,
कित्येक वर्षांनी.