तारीख लावायची राहिली

तपकीर गल्लीत एका जिन्याखाली
तीन बाय पाचच्या जागेत मी गाणी भरून द्यायचो.
एक जीबी वीस रुपये, दोन जीबी तीस.
आता पाटीवर कव्हर, काच, चार्जर.
उन्हं तिरपी झाली की नव्या रंगाखालून
जुनी अक्षरं अजून वाचता येतात.

परवा एक मुलगी आली, मांजरीहून दोन बस बदलून.
कमरेखाली घसरलेली पँट, केसांत फुलपाखराच्या पिना,
तेव्हा माझ्या बहिणीला ज्या बघवत नसत, अगदी त्याच.
म्हणाली, काका, जुना डिजिटल कॅमेरा आहे?
चांगला नको.
फोटो खराब येतो, तो.

तिच्या हातातल्या फोनला तीन डोळे,
अंधारातली मुंगीसुद्धा ओळखतील असे.
खराब म्हणजे कसा?
म्हणजे फ्लॅश तोंडावर फुटतो,
मागे सगळं काळं, डोळे लाल.

म्हणजे आम्हाला यायचे तसे.

खरं सांगतो, तो काळ मला आवडला नव्हता.
एकच गाणं दिवसाला चाळीस कार्डांत भरायचं,
प्रत्येकाला आधी ऐकून बघायचं असायचं,
मी कानात कापूस घालून बसायचो.
वारज्याचा एक शिळीमकर दर शनिवारी
'सॅड' नावाचं नवं फोल्डर भरून न्यायचा.
एका डिसेंबरात त्यानं 'डीजे' मागितलं
आणि मला पेढा दिला. कोणाशी जमलं, सांगितलं नाही.

शेवटचं कार्ड कोणी आणलं, आठवत नाही.
आठवायला हवं होतं, पण शेवटचं आहे
हे त्या कार्डाला तरी कुठे माहीत होतं.
गिऱ्हाइकाचं स्टूल एक दिवस रिकामं राहिलं,
दुसऱ्या दिवशीही राहिलं,
मग मी त्यावर खोके रचले.

मला वाटायचं, ज्याचं हरवतं त्याला आठवण येते.
हिचं काय हरवलं?
भावकीत नसलेल्यानं सुतक पाळावं, तसं हे.

खोक्यातून एक निघाला, चंदेरी,
जुन्या बाजारात रविवारी ऐंशीला घेतलेला,
सेलच्या झाकणाला रबरबँड.
अडीच हजार, म्हणालो. जीभ अडखळली, पण म्हणालो.
तिनं घासाघीस केली नाही.
बुधवार पेठेत!

आत कुणाचं तरी कार्ड राहून गेलेलं.
सारसबागेत सहा जण, जेल लावून उभे केलेले केस,
एकाच्या हातात भेळ, एकाचे डोळे मिटलेले.
कोपऱ्यात केशरी आकडे: एक जानेवारी दोन हजार पाच.
पुढचा फोटो पानशेतला, भर पावसातला: एक जानेवारी.
मिरवणूक, गुलाल, ढोलामागे कुणाची तरी पाठ: एक जानेवारी.
घड्याळ कोणी लावलंच नव्हतं.
सेल काढला की कॅमेरा पुन्हा तिथेच जाऊन बसायचा.

हे नेमकं कधी सुरू झालं असेल?
ही मुलगी बसमध्ये चढली तेव्हा?
की चार वर्षांपूर्वी, रंगारी पाटी खरवडायला लागला
आणि मी म्हणालो, राहू दे रे,
वरूनच मार?
घाई होती, असं मी तेव्हा घरी सांगितलं होतं.

तारीख लावून देऊ का, मी विचारलं.
नको, राहू द्या, ती हसली,
मी तेव्हा झालेच नव्हते. भारी ना?
आणि कॅमेरा माझ्यावर रोखला.

पडद्यावर मी:
पांढरी दाढी, ससाण्यासारखे लाल डोळे,
मागे टांगलेली कव्हरं काळोखात गेलेली,
आणि खाली, एक जानेवारी दोन हजार पाच.

त्या तारखेला या जिन्याखाली
मोमीनचाचा स्टोला पंप मारत बसायचे.
मी अजून यायचा होतो.