एक तासाचं तिकीट

डार्लिंग्टनला, पोहण्याच्या तलावामागच्या पार्किंगमध्ये
एक पौंड वीस पेन्सला एक तास मिळतो.
इतकी स्वस्त खोली
मला अख्ख्या इंग्लंडात मिळाली नाही.

ओजस आत पाय मारत असतो,
पाण्याला भिणाऱ्या सात मुलांच्या रांगेत.
मी सीट मागे सरकवते, वही स्टिअरिंगला टेकवते
आणि इंदुमतीला शोधते.
घर सोडून निघालेली ती,
ऑक्टोबरपासून दाराच्या कडीवर हात ठेवून उभी आहे.
मध्ये ओजसला कांजिण्या झाल्या,
सासूबाई येऊन तीन महिने राहून गेल्या,
बॉयलर बिघडला, दोनदा.
तिनं हात काढला नाही.
पात्रं सोशिक असतात.
माणसांनाही मी तसंच धरून चालते.

देवस्थळी पुण्याहून सकाळी दहाला फोन करतात.
इथे पहाटेचे साडेचार.
जिन्यात बसून, गुडघ्यावर कोट ओढून
मी कुजबुजते.
"कादंबरी कुठवर आली?"
"दारापर्यंत."
"वा! म्हणजे आलीच की."

काचांवर वाफ धरते.
शेजारच्या गाडीतली बाई
एकदा खिडकी वाजवून म्हणाली,
"ठीक आहेस ना, पेट?"
पेट. इकडे लाडानं म्हणतात तसं, कुणालाही.
मला आपलं मराठीतलं ऐकू आलं.
मनात म्हटलं, बाई गं, पेटले असते,
पण काडी ओली आहे.

तिला वाटलं असेल, नवऱ्याशी भांडून इथे येऊन बसते.
भांडण झालं होतं, ते खरं.
मंगळवारी, श्रीकर रात्रपाळीला निघताना,
ताटं पुसता पुसता.
तो एक वाक्य बोलला आणि किल्ल्या घेऊन गेला.
मी बाथरूमची कडी लावली
आणि रडायच्या आधी
ते वाक्य बटाट्यांच्या पावतीमागे लिहून घेतलं.
आधी.
हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

मग एका सकाळी गाडीवर बर्फ.
खरवडायची पट्टी शोधताना
त्याच्या हाती वही लागली, सीटखालची.
पाऊण तास तो आत आला नाही.
आला तेव्हा बोटं लाल झालेली.
"तुझ्या इंदुमतीचा नवरा माझं बोलतो."
मी चहा गाळत राहिले.
"आणि चुकीचं बोलतो.
'तुला या घरात जागाच नको आहे'
असं मी म्हटलं नव्हतं."
"मग?"
"मी म्हटलं, तू घरात असतेस
तेव्हाही तुझी वाट बघावी लागते."

चहा कपाबाहेर गेला.
त्याचं माझ्यापेक्षा चांगलं होतं.
पावतीवर मी माझ्या सोयीचं ऐकलं होतं.
फडकं घेतलं, ओटा पुसला, परत पुसला,
आणि निर्लज्जासारखं विचारलं,
"हे घेऊ?"
तो खूप वेळ खिडकीबाहेर
न खरवडलेल्या गाडीकडे बघत राहिला.
"घे," म्हणाला.
"पण त्याला इतकं टक्कल नको देऊस."

आज शनिवार. चाळीस मिनिटांत अडीच ओळी.
कडी अजून निघालेली नाही.
पण दाराबाहेर, पायरीवर,
आज पहिल्यांदा मला कुणाचा तरी खोकला ऐकू आला.
कुणीतरी बराच वेळ थंडीत बसलेलं असावं,
पट्टी हातात घेऊन.
मी पेन तिथेच थांबवलं.

ओजस आला, केस ओले, क्लोरीनचा वास,
मोजे उलटे.
"आई, आज मी पाण्याखाली डोळे उघडले."
"काय दिसलं?"
त्यानं पट्टा लावला, विचार केला.
"काही नाही गं. पाय.
वर सगळे नीट पोहत होते ना,
आणि खाली नुसते
धडपडणारे पाय."